सुमो अंदाज स्पर्धा (हात्सु बाशो, जानेवारी २०२६) : नियम ठरवू या

तांबडीमाती | ३ डिसेंबर २०२५, रात्री ९:१०

क्यूशू बाशोच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमो स्पर्धेच्या, धाग्यावर पंधराही दिवस एकच गोष्ट चालली होती. लढती सुरू व्हायच्या आधी जो तो "आज आओनिशिकीच", "होशोर्यू सोडत नाही" असं लिहीत होता आणि संध्याकाळी कोण बरोबर निघालं यावर वाद रंगत होता. मग हे रीतसर का खेळू नये? पुढचा बाशो टोकियोचा, ११ ते २५ जानेवारी. बंझुके, म्हणजे मल्लांची क्रमवारी, २२ डिसेंबरला लागेल. तोवर नियम पक्के करू.

माझ्या डोक्यात आहे ते असं. माकुउचीत, म्हणजे सर्वांत वरच्या गटात, ४२ मल्ल, म्हणजे रोज २१ लढती. त्यातल्या दहा मी आदल्या संध्याकाळी इथे टाकेन. प्रत्येकीत कोण जिंकणार ते सांगायचं. बरोबर आलं की एक गुण, पंधरा दिवसांची बेरीज. दहापैकी पाच लढती वरच्या मल्लांच्या आणि पाच माएगाशिरा दहाच्या खालच्या (माएगाशिरा हा माकुउचीतला सर्वांत खालचा दर्जा, आकडा मोठा तितका मल्ल खाली).

या दुसऱ्या पाचांवर मी अडून बसणार आहे. आपल्यापैकी बरेचजण शेवटच्या अर्ध्या तासाचे प्रेक्षक आहेत. योकोझुना, ओझेकी, म्हणजे सर्वांत वरच्या दोन दर्जांचे मल्ल, पाहायचे आणि उठायचं. पण जानेवारी २०२०चा विजेता तोकुशोर्यू माएगाशिरा १७ होता, यादीच्या अगदी तळाला. त्याच वर्षी जुलैत तेरुनोफुजी, तोही माएगाशिरा १७. मार्च २०२४ मध्ये ताकेरुफुजी, पुन्हा माएगाशिरा १७. यंदा नागोयाला कोतोशोहो, माएगाशिरा १५. विजेता तळातून वर येत होता तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे कोण बघत होतं? या स्पर्धेमुळे माणसं एकवीसच्या एकवीस लढती बघायला लागली तर मला सगळं मिळालं.

सूचना येऊ द्या.

मुठाकाठ | ३ डिसेंबर, रात्री ९:४८

जोरदार अनुमोदन! नाव नोंदवा माझं. प्रत्येकी शंभर रुपये काढू, जिंकेल त्याला सगळे. थोडी चुरस येते.

तांबडीमाती | ३ डिसेंबर, रात्री १०:०५

मुठाकाठ, नाव नोंदवलं. पैसे मात्र नकोत, एक रुपयाही नको. ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, ते एक कारण आहेच. पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं.

सुमोला पैजांनी केवढं पोळलंय ते आठवा. २०१० मध्ये बेसबॉलवरच्या बेकायदा सट्ट्याचं प्रकरण बाहेर आलं, कोतोमित्सुकीसारख्या ओझेकीची हकालपट्टी झाली, जपानच्या एनएचके वाहिनीने जुलैच्या बाशोचं थेट प्रक्षेपण केलं नाही. त्या तपासात जप्त केलेल्या फोनमध्ये पोलिसांना लढती आधीच ठरवल्याचे निरोप सापडले आणि मार्च २०११चा ओसाकाचा बाशो रद्द झाला. १९४६ नंतर पहिल्यांदाच बाशो रद्द करावा लागला होता. मे महिन्यात भरवला तो करंडक आणि बक्षिसांविना, प्रेक्षकांना फुकट प्रवेश देऊन. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना या खेळाजवळ पैज आलेली सहन होत नाही. मलाही होत नाही.

मुठाकाठ | ३ डिसेंबर, रात्री १०:१२

पटलं. शब्द मागे घेतो.

आकडेमोड | ४ डिसेंबर, सकाळी ७:३०

कल्पना फार आवडली. पण "बरोबर आलं की एक गुण" यात अडचण आहे. योकोझुना विरुद्ध माएगाशिरा चार, अशी लढत आली की सगळे डोळे झाकून योकोझुना लिहिणार. गुण सगळ्यांना सारखेच, म्हणजे ती लढत असून नसल्यासारखी. उलट नोव्हेंबर २०१० मध्ये, फुकुओकाच्या दुसऱ्या दिवशी, ज्याने किसेनोसातो लिहिलं असतं त्याचं काय? योकोझुना हाकुहो सलग ६३ लढती जिंकून उभा होता, फुताबायामाचा ६९चा विक्रम दिसत होता, आणि समोरच्या माएगाशिरा एकने त्याला बाहेर काढलं. त्या अंदाजाला एकच गुण द्यायचा, हे मनाला पटत नाही.

उलटफेराला जादा गुण ठेवा. किती ठेवायचे याचा हिशेब करता येतो. योकोझुनाकडून किमान बारा-तीनची (बारा विजय, तीन पराभव) अपेक्षा असते, म्हणजे पाचातल्या चार लढती. त्याला निवडलं तर सरासरी ०.८ गुण पडतात. विरुद्ध बाजूच्या मल्लाला तीन गुण ठेवले तर सरासरी ०.६, कोणी वाटेला जाणार नाही. पाच ठेवले तर सरासरी १, मग सगळेच आंधळेपणाने दुबळी बाजू घेतील. चार ठेवले की दोन्ही पारडी सारखी. ओझेकीचं दहा-पाच धरलं, तर त्याला हरवणाऱ्याला दोन गुण ठेवले की तिथेही बरोबरी.

निशिकासाईकर | ४ डिसेंबर, सकाळी ८:०२

हिशेब छान. एकच शंका. योकोझुनाचे ते तीन पराभव बहुतेक दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे ओझेकी, सेकिवाके (ओझेकीच्या लगेच खालचा दर्जा), दुसरा योकोझुना यांच्याशी गाठ पडते तेव्हाचे असतात. माएगाशिराकडून हरण्याची शक्यता त्याहून कमीच. मग चार ठेवले तरी पारडं योकोझुनाकडेच झुकेल.

आकडेमोड | ४ डिसेंबर, सकाळी ८:२०

तेच तर हवंय. पारडं थोडं योकोझुनाकडे झुकलेलं असलं म्हणजे उलटफेर लिहिणाऱ्याला काहीतरी दिसलेलं असावं लागेल. पायाचं बँडेज बदललंय, ताचिआइत (सुरुवातीच्या धडकेत) उशीर होतोय, असं काहीतरी. उगाच चार गुणांसाठी लिहिणाऱ्याचं पंधरा दिवसांत नुकसानच होईल.

तांबडीमाती | ४ डिसेंबर, सकाळी ९:१५

घेतलं. किनबोशी, म्हणजे माएगाशिराने योकोझुनाला हरवणं, ओळखली तर चार गुण. ओझेकीला माएगाशिराने हरवलं आणि ते लिहिलेलं असलं तर दोन. बाकी सगळीकडे एक.

पन्हाळगड | ४ डिसेंबर, दुपारी १:२२

मी सुमोला नवीन. खासबागेतल्या कुस्त्या बघत मोठा झालो, सुमो मात्र या नोव्हेंबरपासूनच बघतोय. भाग घेतला तर चालेल का? आणि एक प्रश्न. एकाच तालमीतले दोन पैलवान समोरासमोर का येत नाहीत? मला अजून अशी एकही जोडी दिसली नाही.

निशिकासाईकर | ४ डिसेंबर, दुपारी २:४०

पन्हाळगड, नक्की या. एका हेयातले, म्हणजे तालमीतले, मल्ल नेहमीच्या पंधरा लढतींत एकमेकांशी खेळत नाहीत, सख्खे भाऊही नाहीत. विजेतेपदासाठी बरोबरी होऊन फेरलढत लागली तरच ते समोर येऊ शकतात. अंदाज करताना याचा उपयोग होतो. इसेगाहामा हेयाचे बरेच मल्ल आज माकुउचीत आहेत, आता तेरुनोफुजीच तिथला वस्ताद आहे. ते सगळे एकमेकांना टाळून बाकीच्यांशी खेळतात. एखाद्याची तोरिकुमी (लढतींच्या जोड्या) सोपी की अवघड हे बघताना आधी त्याचा हेया बघा.

रानजाई | ५ डिसेंबर, पहाटे ५:५०

न्यू जर्सीहून. मलाही घ्या. दोन मुद्दे आहेत.

पहिला, वेळ. अंदाज किती वाजेपर्यंत द्यायचे? जपान भारताच्या साडेतीन तास पुढे. माकुउचीच्या लढती साधारण तुमच्या पावणेएक ते अडीच. दुपारी बाराची मुदत ठेवली तर माझ्याकडे रात्रीचा दीड. मला चालेल, कारण दुसऱ्या दिवसाच्या जोड्या आदल्या दिवशीच लागतात. फक्त शेवटच्या दिवसाच्या जोड्या चौदाव्या दिवसाच्या लढती आटोपल्यावर ठरतात, आणि बक्षीस समारंभामुळे त्या दिवशी सगळं अर्धा तास आधी सुरू होतं. त्या दिवसाची मुदत वेगळी ठेवा.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर. अंदाज सगळ्यांसमोर धाग्यावर लिहायचे का? तसं असेल तर शेवटच्या तीन दिवसांत पुढे असलेल्याला फक्त दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचे अंदाज उतरवायचे. दोघांचे गुण सारखे वाढतील, अंतर तेवढंच राहील, आणि एकाही लढतीचा विचार न करता तो जिंकेल. पूर्वी एका दुसऱ्या ठिकाणी क्रिकेटच्या अशाच खेळात मी हे घडताना बघितलंय. शेवटच्या आठवड्यात खेळातली सगळी मजा गेली.

सह्यकडा | ५ डिसेंबर, सकाळी १०:३०

रानजाईताईंशी सहमत. गूगल फॉर्म करा. कोणी काय लिहिलं ते मुदत संपेपर्यंत कोणालाच दिसणार नाही, वेळेची नोंदही आपोआप होईल.

मुठाकाठ | ५ डिसेंबर, सकाळी ११:०५

मला हे पटत नाही. धागा म्हणजे गप्पा. "मी आज गोनोयामा लिहिलाय, कारण काल त्याचा रेटा बघा" असं लिहिल्याशिवाय मजा कसली? सगळं फॉर्ममध्ये गेलं तर इथे फक्त निकालांचे तक्ते उरतील. मी येतो ते लोकांचं बोलणं वाचायला.

सह्यकडा | ५ डिसेंबर, सकाळी ११:४०

पण मग नक्कल कशी थांबवणार?

तांबडीमाती | ५ डिसेंबर, रात्री ८:५५

दिवसभर यावर विचार केला. दोघांचंही खरं आहे. अंदाज फॉर्ममध्ये द्यायचे, चर्चा धाग्यावर. कोणाला आपली निवड आधी सांगायची असेल तर खुशाल सांगा, बंधन नाही. मुदत संपली की मी सगळ्यांचे अंदाज एका तक्त्यात इथे टाकेन, लढती सुरू व्हायच्या आधी. म्हणजे पाऊण तास तरी "अरे, तू हे लिहिलंस?" ला मोकळा. फॉर्म माझ्याकडे असल्याने मी स्वतः खेळणार नाही. मला सगळ्यांचं दिसणार, मग मी गुणांच्या शर्यतीत असणं बरं नाही.

मुदत रोज भारतीय वेळेने दुपारी बारा, शेवटच्या दिवशी साडेअकरा. शेवटच्या दिवसाच्या जोड्या हातात आल्या की लगेच टाकेन, रात्रीची वाट बघणार नाही.

निशिकासाईकर | ५ डिसेंबर, रात्री ११:२०

आता सगळ्यात कटकटीचा प्रश्न. क्यूजो झालेल्या, म्हणजे बाशोतून माघार घेतलेल्या, मल्लांचं काय करायचं?

२३ नोव्हेंबरचं उदाहरण ताजं आहे. सेनशुराकुला, म्हणजे शेवटच्या दिवशी, होशोर्यू, ओनोसातो आणि आओनिशिकी तिघेही अकरा-तीन. सगळ्या जपानचं लक्ष शेवटच्या लढतीकडे, योकोझुना विरुद्ध योकोझुना. आणि खांद्याच्या दुखापतीने ओनोसातोने माघार घेतली. मी टीव्हीसमोर होतो. आओनिशिकीने कोतोझाकुराला हरवून बारा-तीन केलं. मग होशोर्यू एकटा दोह्योवर, म्हणजे आखाड्यावर, चढला, बिनलढतीच्या विजयाचा फलक उघडला, ग्योजीने (पंचाने) गुनबाई, म्हणजे हातातला पंखा, त्याच्या बाजूला केली. बाशोची शेवटची लढत आणि समोर माणूसच नाही. मग फेरलढतीत आओनिशिकीने त्याला पाडलं आणि पहिलं विजेतेपद घेतलं.

आपली स्पर्धा तेव्हा चालू असती तर? ज्याने आदल्या रात्रीच ओनोसातो लिहिला त्याचा गुण गेला. ज्याने दुपारपर्यंत थांबून बातमी वाचली त्याला होशोर्यूचा गुण आयता. यात सुमोची समज कुठे आली?

आकडेमोड | ६ डिसेंबर, सकाळी ७:१०

फुसेनशोची, म्हणजे बिनलढतीच्या विजयाची, लढत बादच धरावी. पण मग त्या दिवशी नऊच लढती उरतात. एक-दोन राखीव लढती ठेवता येतील का?

रानजाई | ६ डिसेंबर, सकाळी ७:५५

राखीव लढत हा चांगला उपाय. रोज बारा लढतींचे अंदाज घ्या, गुण पहिल्या दहांचे धरा. एखादी बाद झाली तर अकरावी आत येते, दोन झाल्या तर बारावीही.

सह्यकडा | ६ डिसेंबर, सकाळी ९:२०

आणि स्पर्धकच गैरहजर राहिला तर? ऑफिस, प्रवास, आजारपण. एक दिवस हुकला की दहा-बारा गुण गेले आणि माणूस पुन्हा फिरकत नाही. आठव्या दिवसानंतर अर्धे लोक गायब होतात ते यामुळेच.

मुठाकाठ | ६ डिसेंबर, सकाळी ९:४५

सुमोत न आलेला दिवस पराभवच धरतात. मग आपण का सूट द्यायची?

तांबडीमाती | ६ डिसेंबर, सकाळी १०:३०

मुठाकाठ, मल्लाचं ते पोटापाण्याचं काम आहे, आपल्या माणसांची दुसरी कामं आहेत. मला पंधराव्या दिवशी धाग्यावर माणसं हवीत. पंधरापैकी तुमचे सर्वांत चांगले तेरा दिवस धरायचे. दोन दिवस हुकले किंवा दोन दिवस फार वाईट गेले, तरी तुम्ही शर्यतीत.

राखीव लढतींचा नियमही घेतला. निकाल जपान सुमो संघटनेच्या अधिकृत नोंदीप्रमाणे. मोनो-इ, म्हणजे निर्णयावर हरकत, होऊन ग्योजीचा निर्णय फिरला तर फिरलेला निर्णय धरायचा. केस ओढल्याबद्दल कोणी बाद झाला तर समोरच्याचा विजय नेहमीसारखा मोजायचा, कारण ती लढत झालेली असते.

आकडेमोड | ६ डिसेंबर, सकाळी ११:५०

युशोचा अंदाज आधीच घेणार का? म्हणजे पहिल्या दिवसाआधी विजेता सांगायचा?

निशिकासाईकर | ६ डिसेंबर, दुपारी १२:४०

जरूर घ्या. २००५ मध्ये हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता, सहाच्या सहा बाशो असाशोर्यूने जिंकले. पण २०२२ बघा. मिताकेउमी, वाकाताकाकागे, तेरुनोफुजी, इचिनोजो, तामावाशी, आबी. सहा बाशो, सहा विजेते. आताचा काळ दुसऱ्या प्रकाराकडे झुकलेला आहे.

आणि ओनोसातोच्या खांद्याचं काय होतं त्यावर जानेवारीचं बरंच काही ठरेल. होशोर्यूही यंदा मार्चमध्ये आणि जुलैत अर्ध्यातून बाहेर पडला होता. आओनिशिकी मात्र मार्चमध्ये माकुउचीत आल्यापासून चार वेळा अकरा-चार आणि आता बारा-तीन, एकदाही घसरलेला नाही. ओझेकी म्हणून पहिल्याच बाशोत त्याच्यावरचा भार वाढेल खरा, तरी आज विचाराल तर मी त्याचंच नाव लिहीन.

मुठाकाठ | ६ डिसेंबर, दुपारी १:१५

भार वाढेल हे फार हलक्यात घेताय. नवा ओझेकी झाल्यावर रोज पत्रकार, सत्कार, हिवाळी दौरा. सरावाला वेळ कुठे मिळतो? मी होशोर्यू.

पन्हाळगड | ६ डिसेंबर, दुपारी २:०५

शेवटच्या दिवशी सात-सात असलेला मल्ल नेहमी जिंकतो असं कुठेतरी वाचलं. मग पंधराव्या दिवशी तसेच मल्ल निवडले की झालं का?

आकडेमोड | ६ डिसेंबर, दुपारी ३:३०

पन्हाळगड, चांगला प्रश्न. आठ विजय म्हणजे काचीकोशी, क्रमांक वर जातो. आठ पराभव म्हणजे माकेकोशी, खाली येतो. त्यामुळे सात-सातवाल्याला शेवटची लढत जीवाच्या आकांताने जिंकायची असते आणि आठ-सहावाल्याला तेवढी घाई नसते. २००२ मध्ये दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या निकालांचा अभ्यास करून दाखवलं की असे मल्ल अपेक्षेपेक्षा फारच जास्त वेळा जिंकतात, आणि पुढच्या वेळी तीच जोडी भिडली की उलट होतं. त्यांनी संशय मिलीभगतीवर घेतला होता. पण तो अभ्यास २०११च्या आधीच्या निकालांचा. आता बऱ्याचदा सात-सातवाल्यांनाच एकमेकांसमोर उभं करतात, त्यातला एक हरणारच. तेव्हा त्या दिवशी आकड्यांपेक्षा मागच्या तीन लढतींचे व्हिडिओ बघा.

रानजाई | ६ डिसेंबर, संध्याकाळी ७:४०

व्हिडिओंवरही पूर्ण भरवसा नको. ओसाका २०२४ आठवतंय? ताकेरुफुजी, माकुउचीतला पहिलाच बाशो. चौदाव्या दिवशी असानोयामाशी खेळताना उजवा घोटा गेला, त्याला चाकाच्या खुर्चीतून नेलं. ते बघून पंधराव्या दिवशी कोणी त्याचं नाव लिहिलं असतं? तो येईल का हीच खात्री नव्हती. आला तो घोट्याला पट्ट्या गुंडाळून. शिको (पाय उचलून आपटणं) घालताना पाय जपून टेकवत होता. ताचिआइला मात्र सरळ गोनोयामाच्या अंगावर गेला, ढकलत नेलं आणि काठावर पाडलं. ११० वर्षांत पहिल्यांदा नवख्या मल्लाने युशो घेतला. मी ती लढत पहाटे उठून बघितली. त्या दिवशी असा खेळ असता तर मी गोनोयामा लिहिलं असतं आणि हरल्याचा आनंद झाला असता.

तांबडीमाती | ७ डिसेंबर, सकाळी ९:००

रानजाईताई, असेच प्रतिसाद स्पर्धा चालू असताना हवेत. रोज एक तरी.

तर युशोचा अंदाज पहिल्या दिवसाच्या मुदतीपर्यंत फॉर्ममध्ये द्यायचा, बरोबर आला तर दहा गुण. सोबत विजेत्याचे एकूण विजय किती तेही लिहायचं. शेवटी दोघांचे गुण सारखे झाले तर ज्याचा आकडा जवळचा तो वर. फेरलढतीचे वेगळे गुण नाहीत.

सह्यकडाने व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय, स्पर्धकांचीच बंझुके करायची का? मला फार मनापासून करायची आहे. हात्सुच्या गुणांवरून मार्चच्या ओसाका बाशोसाठी आपली यादी लावू, पूर्व-पश्चिम बाजूंसकट. मग रोज शेजारच्या क्रमांकाच्या दोघांची लढत, ज्याचे अंदाज जास्त बरोबर त्याला पांढरा तारा, पंधरा दिवसांत आठ तारे मिळाले की काचीकोशी. पण त्याला पुरेशी माणसं हवीत आणि एक बाशो सुरळीत पार पडायला हवा. जानेवारी आधी साधेपणाने होऊ दे.

पन्हाळगड | ७ डिसेंबर, सकाळी ९:३५

माझं नाव घ्या. बंझुके आल्यावर नवीन माणसाने आधी काय बघायचं, कोणी सांगाल का?

निशिकासाईकर | ७ डिसेंबर, सकाळी १०:२०

नोव्हेंबरच्या यादीशेजारी ठेवून बघा, कोण किती पायऱ्या चढला. माएगाशिरा नऊ-दहावर दहा विजय मिळवून जो एकदम दोन-तीनवर आलाय, त्याचा पहिला आठवडा योकोझुना-ओझेकींशी जातो आणि तो बहुतेक वेळा पडझडीचा असतो. उलट वरून घसरून सात-आठवर आलेला मल्ल, दुखापत नसेल तर, पहिल्या पाच दिवसांत निवडायला चांगला. ज्युर्योतून, म्हणजे खालच्या गटातून, वर आलेल्यांची नावं वेगळी लिहून ठेवा. पहिल्या दोन दिवसांच्या जोड्या बाशोच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी लागतील.

तांबडीमाती | ७ डिसेंबर, सकाळी १०:४५

म्हणजे ९ जानेवारीला. त्याच संध्याकाळी पहिल्या दिवसाच्या बारा लढती आणि फॉर्मचा दुवा इथे टाकतो. नावनोंदणी ८ तारखेच्या रात्रीपर्यंत याच धाग्यावर, फक्त "मी आहे" एवढं लिहिलं तरी पुरे. बंझुके लागली की २२ला धागा वर काढतो.

सह्यकडा | ७ डिसेंबर, सकाळी ११:१०

मी आहे. तक्ता भरायला मदत हवी असेल तर दुपारी अडीचनंतर मी रोज मोकळा असतो.

तांबडीमाती | ७ डिसेंबर, सकाळी ११:१४

हवी आहे. निकाल तुम्ही भरा, मी पडताळतो. व्यनि करतो.